लहरी हवेच्या देशी जाताना

सप्टेंबर महिना जवळ आला की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत एक मोठी बॅग उघडी पडलेली दिसते. मुलगा किंवा मुलगी शिकायला विलायतेस निघालेली असते. मग जो येतो तो त्या बॅगेत काहीतरी घालतो. आजी सोलापुरी चादर देते, मामा आपला जुना ओव्हरकोट आणून ठेवतो, शेजारच्या काकू सांगतात, 'तिकडे भयंकर थंडी असते हो, दोन जाडजूड स्वेटर तरी असू द्यात!' शेवटी बॅग काट्यावर चढते आणि काटा तीस किलोच्या पुढे जातो. तिकिटावर तर बहुधा २३ किलो लिहिलेले असते. मग रात्री अकरा वाजता सगळे पुन्हा बाहेर काढायचे आणि घाईघाईने निवडायचे. या घाईत हवे ते घरी राहते आणि नको ते सातासमुद्रापार जाते.

असे का होते? आपण 'थंडी' या एकाच शब्दाची तयारी करतो म्हणून. पण ब्रिटनसारख्या देशात नवख्या माणसाला जेरीस आणते ती नुसती थंडी नव्हे. सकाळी ऊन, दहाला पाऊस, बाराला वारा, तीनला पुन्हा ऊन, अशी जी हवेची लहर असते ती त्याला दमवते. लहरीची तयारी वेगळी आणि थंडीची तयारी वेगळी. हा फरक नीट समजला तर बॅग हलकी होते आणि अंग कोरडे राहते. आज तेवढेच समजून घेऊ.

उदाहरणादाखल स्कॉटलंडमधले एडिंबरा शहर घेऊ. आपली बरीच मुले तिथे शिकायला जातात. हे शहर विषुववृत्तापासून सुमारे ५६ अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ मॉस्कोच्या रेषेवर आहे. त्यामुळे आपल्याला वाटते की तिथे बर्फाचे डोंगर असणार. प्रत्यक्षात जानेवारीतसुद्धा दुपारी सरासरी सात अंशांच्या आसपास तापमान असते, आणि रात्री ते शून्याच्या थोडे वर राहते. समुद्र जवळ, आणि अटलांटिकवरून येणारे वारे तुलनेने उबदार, म्हणून ही सवलत. आता पुण्याचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहाच्या खाली जातोच की! मग तिथल्या थंडीत आणि आपल्या थंडीत फरक काय? फरक हा की पुण्यात पहाटे दहा असले तरी दुपारी तीस होतात, अंग शेकून निघते. तिथे सकाळी चार, दुपारी सहा, संध्याकाळी पुन्हा चार. शेकायला ऊन नाही. डिसेंबरच्या शेवटी तिथला दिवस अवघा सात तासांचा असतो, आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो.

पावसाचेही असेच. एडिंबरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्यातही जवळजवळ तेवढाच! मुंबईत तर त्याच्या तिप्पट पडतो. तरीसुद्धा आपला माणूस तिथे जाऊन म्हणतो, 'इथे सारखा पाऊस.' त्याचे म्हणणे खोटे नाही. आपला पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होतो. तिथला पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला आहे. वर्षातले सव्वाशेच्या आसपास दिवस पावसाचे, आणि प्रत्येक वेळी पडतो तो थोडा, बारीक, आडवा. आपण पावसाळा म्हणून एक ऋतू पाळतो. तिथे पावसाला ऋतूच नाही.

हे असे का, तेही थोडक्यात पाहू. उत्तर ध्रुवाकडून थंड हवा खाली येते, दक्षिणेकडून उबदार व ओलसर हवा वर जाते, आणि या दोघींची गाठ अटलांटिक महासागरावर पडते. तिथे कमी दाबाची वादळी चक्रे तयार होतात आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकामागून एक, ब्रिटनवरून जातात. चक्राची पुढची बाजू आली की आभाळ भरून रिपरिप लागते. मधला भाग आला की हवा मऊ, कोंदट होते. मागची बाजू आली की जोराची सर येते, वारा फिरतो आणि पारा एकदम उतरतो. मग लख्ख ऊन पडते, पण ते ऊन थंड असते. हा सारा खेळ कधीकधी एका दिवसात आटोपतो. घरातून निघताना केलेला पोशाख परत येताना चुकीचा ठरतो, तो यामुळे.

आता कपड्याकडे वळू. कपडा अंगाला ऊब देतो असे आपण म्हणतो, पण कपड्यात स्वतःची ऊब नसते. ऊब आपल्या शरीराची. कपडा फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. आणि हे काम कापडापेक्षा कापडात अडकलेली हवा अधिक करते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. आपल्या आजीला हे भौतिकशास्त्र न शिकता ठाऊक होते. जुन्या लुगड्यांचे चार-सहा पदर एकावर एक ठेवून ती गोधडी शिवते. ते प्रत्येक लुगडे एकेकटे किती पातळ! पण पदरापदरांत हवा अडकते आणि गोधडीत शिरले की पौषातली पहाटही सुसह्य होते. म्हणून पहिला नियम असा, की एक जाड कपडा नेण्याऐवजी तीन पातळ न्यावेत.

जाड ओव्हरकोटाची अडचण अशी, की तो एक तर अंगात असतो नाही तर हातात असतो. रस्त्यावर पाच अंश, बसमध्ये अठरा, वर्गात एकवीस आणि दुकानात त्याहूनही अधिक, अशी दिवसातून दहा वेळा हवा पालटते. कोट घालून चढ चढलात की घाम येतो, कोट काढलात की तो घाम गार पडतो. पाण्यातून उष्णता हवेच्या मानाने वीसपटीहून अधिक वेगाने निसटते. म्हणजे ओला झालेला कपडा ऊब राखायचे सोडून ती घालवू लागतो. म्हणून दुसरा नियम असा, की बाहेरून पाऊस जितका टाळायचा तितकाच आतून घामही टाळायचा.

हे दोन्ही नियम पाळणारा पोशाख आपल्या मुलखात फार जुना आहे. घाटावरचा धनगर पहा. अंगात बंडी किंवा सदरा, त्यावर लोकरीची घोंगडी. पावसात तो तिचीच खोळ करून डोक्यावर घेतो. कोकणात भातलावणीला वाकलेली बाई पाठीवर इरले घेते. बांबूच्या कामट्यांवर पाने बसवलेले ते इरले वरचे पाणी बाहेर लोटते, पण खालून आणि बाजूने उघडे असल्याने कष्टाचा घाम आत कोंडत नाही. अंगालगत पातळ कपडा, मध्ये ऊब धरणारी लोकर, वर पाणी अडवणारे छप्पर. विलायतेच्या दुकानात आज तीन थर म्हणून जे विकतात ते याहून वेगळे काही नाही.

या तिन्ही थरांना कोणते कापड योग्य, ते पाहू.

अंगालगतच्या थरासाठी पातळ, अंगाबरोबर बसणारा, पूर्ण बाह्यांचा कपडा असावा. दुकानात याला सरसकट थर्मल म्हणतात. सुती बनियन आपल्या उन्हाळ्यात उत्तम, कारण सूत घाम शोषून धरून ठेवते. पण तेच सूत थंडीत वैरी होते, कारण ते लवकर वाळत नाही. थर्मल बारीक लोकरीचे किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे घ्यावे.

मधल्या थराला लोकर सर्वांत चांगली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ती ओलसर झाली तरी थोडीफार ऊब देत राहते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर घ्यावेत. हलके फ्लीसचे जॅकेटही चालते. ते वजनाला कमी आणि रात्रीत वाळणारे असते. पिसांनी भरलेली फुगीर जॅकेटे दिसायला छान आणि कोरड्या थंडीत अतिशय उबदार, पण पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात आणि हवा धरायची जागाच उरत नाही. रिपरिप पावसाच्या गावी केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

वरच्या थराची गोष्ट मोठी मजेची आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारे कापड केले. पाऊस अडला, पण घामही अडला. आपल्या प्लास्टिकच्या रेनकोटात आपण हाच अनुभव घेतो. दहा मिनिटे चाललो की बाहेरून कोरडे आणि आतून चिंब! पुढे १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी एक पदार्थ ताणून त्याचा असा पातळ पडदा केला की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. अशा तऱ्हेची जॅकेटे आता अनेक कंपन्या करतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. दुसऱ्या प्रकारचे कापड चार शिंतोडे झेलते, पाऊस झेलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जॅकेट उलटे करून शिवणी पाहाव्यात. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच पाणी अडते, नाही तर सुईच्या भोकांतून ते आत येते. जॅकेटाला टोपी जोडलेली हवीच. तिथल्या वाऱ्यापुढे छत्रीचा टिकाव लागत नाही. ती एका झोतात उलटी होते.

पातळ थरांवर कुणाचा विश्वास बसत नसेल तर त्याला जॉर्ज मॅलरी यांची हकीकत सांगावी. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेले हे इंग्रज गिर्यारोहक परतले नाहीत. १९९९ साली त्यांचा देह सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक पातळ थर आणि वर गॅबर्डीनचा कोट होता. तशाच कपड्यांचा संच नव्याने तयार करून २००६ साली एव्हरेस्टवर घालून पाहण्यात आला, तेव्हा तो हलका, हालचालीस सोयीचा आणि चांगला उबदार आढळला. एव्हरेस्टच्या उतारावर जे चालते ते एडिंबराच्या बसथांब्यावर खचितच चालेल!

थरांइतकेच महत्त्व टोकांना आहे. कान, हाताची बोटे आणि पाय ही आपली टोके. वारा यांनाच आधी पकडतो. हवा पाच अंशांची असली आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या त्वचेला ती शून्यासारखी लागते. म्हणून कानटोपी, मफलर आणि हातमोजे बॅगेच्या तळाशी न ठेवता जॅकेटाच्या खिशात ठेवावेत. बूट पाणी न शिरणारे आणि जाड तळव्याचे असावेत. ते घेताना लोकरीचे पायमोजे घालूनच मापाला घ्यावेत. घट्ट बुटात पायमोज्यातली हवा चेपली जाते आणि बोटे गार पडतात. कोल्हापुरी चपला घरी राहू द्या. ओल्या फरशीवर त्या घसरतात, आणि कातडे भिजून खराब होते ते वेगळेच.

आता हे सगळे खरे की खोटे, याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. आणि ती घ्यायला आपला पावसाळा अगदी वेळेवर येतो. पहिली परीक्षा जॅकेटाची. ऑगस्टच्या भर पावसात ते घालून अर्धा तास चालून या, आणि आतल्या सदऱ्याचे खांदे चाचपून पहा. दुसरी परीक्षा वाळण्याची. बॅगेत जायचा प्रत्येक कपडा रात्री धुऊन, पिळून, पंख्याखाली न ठेवता खोलीत टांगा. सकाळी ओलाच राहिला तर तिथेही तो ओलाच राहील. तिसरी परीक्षा मापाची. थर्मल, सदरा, दोन्ही स्वेटर आणि वर जॅकेट असे सगळे एकदम घालून दोन्ही हात डोक्यावर न्या. काखेत आवळत असेल तर वरचे जॅकेट एक माप मोठे हवे. दुकानात नुसत्या सदऱ्यावर घालून घेतलेले जॅकेट या परीक्षेत पुष्कळदा नापास होते.

एका विद्यार्थ्याला पुरेल अशी यादी सांगतो. पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या. थर्मलचे वरचे कपडे तीन, खालचे दोन. आतले कपडे आठ दिवसांचे. सदरे किंवा कुडते पाच-सहा. पातळ लोकरी स्वेटर दोन, फ्लीस एक. पावसाचे जॅकेट एक. विजारी तीन, त्यांतली जीन्स फार तर एक, कारण ते जाड सूत भिजले की दोन दिवस वाळत नाही. पायमोजे साधे पाच जोड, लोकरीचे तीन. बूट दोन जोड, आणि घरात वापरायला सपाता. कानटोपी, मफलर, हातमोजे. एक शाल. सणासमारंभाचा एक पोशाख. आणि जाड टॉवेलऐवजी दोन पंचे. पंच्यासारखे हलके आणि झटपट वाळणारे वस्त्र जगात कुठे मिळणार नाही!

या यादीतले सर्वांत जड बूट आणि जॅकेट बॅगेत न भरता अंगावर घालून जावे. शिवाय एक थर्मल, एक स्वेटर आणि आतल्या कपड्यांचे दोन जोड हातातल्या पिशवीत असावेत. मोठी बॅग दोन दिवस उशिरा येणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि मुंबईच्या उकाड्यातून निघालेल्या माणसाला तिथे उतरल्या उतरल्या दहा-बारा अंश आणि पाऊस भेटू शकतो.

मुली आणि त्यांच्या आया विचारतात, 'मग साडीचे काय?' फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या साडीत बसल्या आहेत, आणि शेजारी जपानची व सीरियाची विद्यार्थिनी आपापल्या पोशाखात. तेव्हा साडी आणि परदेश यांचे वैर नाही. परकराखाली थर्मल, पायात लोकरी पायमोजे, पोलक्याच्या आत पूर्ण बाह्यांचा थर आणि वर छोटा स्वेटर, एवढे केले की घरात आणि सभागृहात साडी सुखाने नेसता येते. अडचण एकच, ती म्हणजे जमिनीला टेकणारा काठ ओल्या रस्त्यावर पाणी ओढून घेतो. म्हणून रोजच्या येण्याजाण्याला विजार आणि समारंभाला साडी, असे ठेवणे बरे. मुलीची भेट घ्यायला जाणाऱ्या आईवडिलांनीही हेच लक्षात ठेवावे. वयोमानाने थंडी लवकर बाधते, म्हणून त्यांनी एक थर अधिक नेला तरी चालेल.

काय नेऊ नये, तेही सांगायला हवे. जाड ओव्हरकोट, रजई आणि वर्षभराचे कपडे नेऊ नयेत. कडाक्याची थंडी सप्टेंबरात नसते. ती यायला दोन-तीन महिने अवकाश असतो. तोवर तिथले लोक काय घालतात हे डोळ्यांनी पाहता येते. ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक गावी धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने असतात. तिथे चांगले लोकरी कोट स्वस्तात मिळतात, आणि ते घेण्यात तिथे कुणी कमीपणा मानत नाही. नाताळनंतर दुकानांतून मोठी सूटही असते. बॅगेत थोडी जागा आणि खिशात थोडे पैसे मोकळे ठेवून जाणे, हीसुद्धा तयारीच आहे.

तिथे पोचल्यावर एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. आपल्याला दोरीवर कपडे वाळत घालायची सवय. तिथे हिवाळ्यात खोलीतच वाळवावे लागतात, आणि थंडीच्या भीतीने खिडकी बंद ठेवली की कपड्यांतले पाणी गार भिंतींवर जमते. तिथे काळी बुरशी धरते, आणि ती दमेकऱ्यांना व लहान मुलांना फार त्रासदायक असते. म्हणून कपडे वाळत असताना खिडकी थोडी उघडी असावी. जे कपडे लवकर वाळतात तेच न्या, असा मी आग्रह धरला, त्यामागे हेही कारण आहे.

रोज सकाळी वेधशाळेचा अंदाज पाहायची सवय लावावी. ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून जनतेसाठी हवामानाचे अंदाज द्यायला सुरुवात केली, आणि आज तिथे हा रोजचा रिवाज आहे. आता तो खिशातल्या फोनवर तासातासाला मिळतो. आपण नुसते तापमान पाहतो. तिथे वाऱ्याचा वेग आणि पावसाची शक्यताही पाहावी. वारा जोराचा असेल तर कानटोपी, शक्यता निम्म्याहून अधिक असेल तर पाण्याचे बूट. जॅकेट मात्र अंदाज काहीही असो, बरोबर असावेच.

ही सारी चर्चा ओल्या, लहरी थंडीची झाली. कॅनडातल्या विनिपेगसारख्या ठिकाणी पारा शून्याखाली वीस आणि त्याहूनही खाली जातो. तिथली थंडी कोरडी. तिथे पिसांचे जाड जॅकेट हवेच, आणि ते तिथूनच घेतलेले बरे. गाव बदलले की यादी बदलते. पातळ थरांचे तत्त्व तेवढे तेच राहते.

शेवटी एकच सांगायचे. घरापासून दूर गेलेल्या मुलाचे पहिले दोन-तीन महिने फार नाजूक असतात. दिवस लहान होत जातो, बाहेर रिपरिप असते, आणि भिजायच्या कंटाळ्याने माणूस खोलीत बसू लागतो. मग ओळखी होत नाहीत, जेवण एकट्याने होते आणि घराची आठवण दुप्पट होते. ज्याच्या अंगावर कोरडे, हलके, सोयीचे कपडे आहेत तो बाहेर पडतो, फिरतो, चार माणसांत मिसळतो. तेव्हा बॅग भरताना आपल्या मुलाला किती थंडी वाजेल एवढाच विचार करू नका. तो रोज बाहेर कसा पडेल, याचाही विचार करा, आणि त्या हिशेबाने एकेक कपडा आत ठेवा.